वारशात आलेल्या शास्त्रीय आणि जॅझ एलपींची नोंद: आधी तबकडी वाचा, मग कव्हर

प्रश्न थोडक्यात असा आहे: काकांच्या मागे साधारण साडेसहाशे एलपी तुमच्याकडे आल्या. निम्म्याहून जास्त पाश्चात्त्य शास्त्रीय, बाकीच्या जॅझ, बहुतेक १९५० ते १९७० या काळातल्या. यादी कशी करायची, पहिलं प्रेसिंग (रेकॉर्ड पहिल्यांदा निघाली तेव्हा दाबलेली प्रत) कसं ओळखायचं, पुढे संग्रह वाढवायचा झाला तर काय बघून घ्यायचं, आणि काही कव्हरांमध्ये काकांच्या हातच्या पेन्सिलच्या चिठ्ठ्या सापडल्या आहेत त्यांचं काय करायचं?

मी हे काम बरीच वर्षं करतो आहे. स्वतःचा संग्रह आहेच, शिवाय अशाच वारशात आलेल्या रेकॉर्डांच्या याद्या इतरांना करून दिल्या आहेत. तेव्हा क्रमाने सांगतो, पण जिथे खरी गोम आहे तिथे जरा रेंगाळणार आहे.

पहिल्या आठवड्यात काहीही पुसू नका आणि काहीही जागचं हलवू नका. काकांनी ज्या क्रमाने रेकॉर्ड लावल्या तो क्रम हीसुद्धा माहिती आहे. कपाटाचे फोटो घ्या, प्रत्येक कप्प्याचा वेगळा, रेकॉर्डांचे कणे वाचता येतील इतक्या जवळून. मग डावीकडून उजवीकडे सरळ क्रमांक द्या: १, २, ३. ग्रंथालयात पुस्तकाला दाखल क्रमांक असतो, तसाच हा. त्यात 'बीथोव्हन म्हणजे बी, जॅझ म्हणजे जे' अशी हुशारी भरू नका. मांडणी उद्या बदलेल, दाखल क्रमांक बदलता कामा नये. हा क्रमांक कव्हरवर पेनने लिहायचा नाही, चिकटपट्टीवर तर मुळीच नाही. कव्हरला बाहेरून प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि तिच्या आत वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेली कागदाची पट्टी सरकवा. तेवढं पुरतं.

आता मुख्य मुद्दा. रेकॉर्डच्या यादीत तीन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते आणि तिथेच बहुतेक याद्या बिघडतात. एक, रचना: संगीतकाराने काय लिहिलं. दोन, मुद्रण: ते कोणी, कधी, कुठे वाजवलं आणि टेपवर घेतलं. तीन, प्रत: तुमच्या हातातली ही विशिष्ट तबकडी, ती कुठल्या साच्यातून, साधारण कधी दाबून निघाली आणि आज कोणत्या अवस्थेत आहे. एकच रचना शेकडो वेळा मुद्रित होते, एकच मुद्रण वीस प्रकारच्या प्रेसिंगांमधून निघतं. कव्हर प्रामुख्याने पहिल्या दोन गोष्टी सांगतं. तिसरी तबकडीवरच वाचावी लागते. माझी पहिली नऊशे रेकॉर्डांची यादी कव्हरवरून केली होती. पुढे ती सगळी पुन्हा करावी लागली, त्यात दोन पावसाळे गेले.

यादीसाठी साधी स्प्रेडशीट घ्या. डिस्कॉग्ज हा २००० साली सुरू झालेला सामायिक माहितीसाठा आपली प्रत कुठल्या प्रेसिंगशी जुळते हे शोधायला फार उपयोगी आहे, विशेषतः जॅझसाठी. पण तोच तुमचा एकमेव कॅटलॉग होऊ देऊ नका. त्याची घडण 'कलाकार आणि अल्बमचं नाव' या जोडीभोवती आहे, आणि शास्त्रीय संगीत त्या जोडीत नीट मावत नाही. तुमची स्वतःची फाईल असू द्या आणि डिस्कॉग्जचा नोंद क्रमांक तिच्यातला एक रकाना.

शास्त्रीय रेकॉर्डांसाठी एका रेकॉर्डला एक ओळ पुरत नाही. एका बाजूला शूमनचा कन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना), दुसऱ्या बाजूला ग्रीगचा, अशी जोडी सर्रास असते. म्हणून प्रत्येक रचनेला वेगळी ओळ आणि त्या ओळींना बांधणारा दाखल क्रमांक. रकाने असे: संगीतकार, रचना, सूचीक्रमांक (ओपस किंवा संगीतकाराच्या रचनासूचीतला त्या रचनेचा क्रमांक), एकल वादक किंवा गायक, वाद्यवृंद, संचालक, मुद्रणाची तारीख आणि जागा. संगीतकाराच्या नावाचे दोन रकाने करा. एकात लेबलवर जसं छापलंय तसंच अक्षरन् अक्षर, दुसऱ्यात तुम्ही कायमचं ठरवलेलं रूप. चायकोव्हस्की आणि प्रोकोफिएव्ह ही नावं इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन लेबलांवर इतक्या तऱ्हांनी लिहिलेली असतात, की एकाच रकान्यावर क्रम लावला तर एकच माणूस यादीत चार ठिकाणी सापडतो.

सूचीक्रमांकाचा आग्रह मी का धरतो? ड्वोर्झाकचं उदाहरण घ्या. त्याच्या हयातीत पाचच सिंफनी छापल्या गेल्या आणि त्यांना छपाईच्या क्रमाने आकडे पडले. नऊच्या नऊ सिंफनींना रचनेच्या क्रमाने आकडे देण्याची पद्धत १९५० च्या दशकात रुळायला लागली. त्यामुळे जुन्या एलपीवर 'न्यू वर्ल्ड' ही पाचवी सिंफनी म्हणून येते आणि नव्या एलपीवर नववी. आज जिला आठवी म्हणतात ती जुन्या लेबलवर चौथी. नुसता आकडा टिपला तर तुमच्याकडे एका सिंफनीच्या दोन नोंदी होतात आणि खरी पाचवी कुठेच सापडत नाही. ओपस ९५ असं लिहिलं की गोंधळ मिटतो. शूबर्टच्या मोठ्या सी मेजर सिंफनीचंही तसंच: कुठे ७, कुठे ९, पण डॉइच सूचीत ती ९४४ आणि तो आकडा हलत नाही. मोत्सार्टला क्योखेल सूची १८६२ पासून आहे. बाखची श्मीडर यांची सूची १९५० ची, शूबर्टची डॉइच यांची १९५१ ची, त्यामुळे त्या काळातल्या रेकॉर्डांवर हे क्रमांक बहुधा नसतातच. ते तुम्ही भरा, पण वेगळ्या रकान्यात. छापील मजकूर आणि तुमची भर एकमेकांत मिसळू देऊ नका.

हे पथ्य किती महत्त्वाचं आहे याचं एक ठळक उदाहरण आहे. १९६० च्या दशकात दिनू लिपाटी या थोर पियानोवादकाच्या नावावर शोपॅंचा ई मायनर कन्चेर्टो प्रसिद्ध झाला. जाणकारांनी तो वाखाणला, लोकांनी जपला. १९८१ मध्ये लक्षात आलं की ते मुद्रण हालिना चेर्नी-स्तेफान्स्का या पोलिश पियानोवादिकेचं आहे. ती रेकॉर्ड तुमच्याकडे निघाली तर लेबलच्या रकान्यात लिपाटीच राहील, कारण लेबलवर तेच छापलंय. मुद्रणाच्या रकान्यात खरं नाव येईल. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, दोन वेगळ्या गोष्टींबद्दल.

बॉक्स सेट उघडताना एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण यावरून लोक उगाच घाबरतात. तीन एलपींच्या पेटीत पहिल्या तबकडीवर बाजू १ आणि ६, दुसरीवर २ आणि ५, तिसरीवर ३ आणि ४ असं दिसलं तर काहीही हरवलेलं नाही. रेकॉर्डांची चळत लावून एकेक आपोआप खाली पडणाऱ्या चेंजरसाठी ती जुळणी असायची: १, २, ३ ओळीने वाजायच्या, मग सगळी चळत उलटी करून ४, ५, ६. नोंदीत 'चेंजर जुळणी' असं लिहा. त्या तबकड्या एकमेकींवर पडून घासल्या असण्याची शक्यता जास्त असते, म्हणून त्या जरा निरखून तपासा.

जॅझचं गणित उलट. इथे रचनेपेक्षा वादक आधी, आणि अल्बमपेक्षा मुद्रणाची बैठक आधी. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या पंचकाने प्रेस्टिज या कंपनीसाठी ११ मे आणि २६ ऑक्टोबर १९५६ या दोन दिवशी इतकं संगीत मुद्रित केलं, की त्यातून चार एलपी निघाल्या, आणि त्यांतली शेवटची १९६१ मध्ये बाहेर आली. प्रकाशनाच्या वर्षावर यादी लावली तर हे पंचक पाच वर्षं त्याच ढंगात वाजवत होतं असं वाटेल. प्रत्यक्षात ते केव्हाच मोडलं होतं. म्हणून बैठकीची तारीख हा रकाना हवाच. त्याच्याशेजारी साथीदारांची पूर्ण नावं, प्रत्येकाच्या वाद्यासकट. हे कंटाळवाणं काम आहे, पण पुढे सगळ्यात जास्त आनंद हाच रकाना देतो. याच पंचकातल्या पॉल चेंबर्सचा बेस किती रेकॉर्डांत आहे हे एकदा शोधून पाहा, काका काय कानाने ऐकत होते ते उमगायला लागेल. टोपणनावंही इथेच उलगडतात. करारामुळे स्वतःचं नाव देता येत नसे तेव्हा चार्ली पार्कर 'चार्ली चॅन' व्हायचा, आणि ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या एका रेकॉर्डवर कॅननबॉल ॲडर्ली 'बकशॉट ला फंक' या नावाने आहे.

आता तबकडी वाचायला बसू. टेबलावर मऊ कापड, एका बाजूने येणारा प्रखर दिवा, हातात भिंग. रेकॉर्ड फक्त कडेला आणि लेबलला धरायची. शेवटची खाच संपते तिथून लेबलच्या कडेपर्यंत जी गुळगुळीत काळी पट्टी राहते तिला डेड वॅक्स म्हणतात. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरून हळूहळू फिरवत गेलात की आधी काहीच दिसत नाही. मग एका कोनात अचानक अक्षरं उजळतात: काही ठशाने उमटवलेली, काही कुणीतरी हाताने कोरलेली, एखादं खोडून पुन्हा लिहिलेलं. जे दिसेल ते जसंच्या तसं उतरवा, रिकाम्या जागा आणि खाडाखोडीसकट, दोन्ही बाजूंचं वेगवेगळं. अर्थ नंतर लावता येतो. उतरवताना चुकलं तर मात्र पुन्हा ती रेकॉर्ड काढावी लागते.

अर्थ कसा लावायचा ते डेक्का या ब्रिटिश कंपनीच्या रेकॉर्डांवर बघू. १९५८ पासूनच्या त्यांच्या स्टिरिओ रेकॉर्डांची मालिका एसएक्सएल. डेड वॅक्समध्ये झेडएएल आणि एक आकडा, त्यापुढे १ई किंवा ३जी असं काहीतरी. आकडा सांगतो कितव्यांदा कापलेली खाच आहे, अक्षर सांगतं कापणारा कोण: ई म्हणजे स्टॅन गुडॉल, जी म्हणजे टेड बर्केट, डब्ल्यू म्हणजे हॅरी फिशर. शिवाय एकदोन सुटी अक्षरं असतात. तो साच्याचा क्रमांक, 'बकिंगहॅम' या शब्दात दडवलेला. इंग्रजी स्पेलिंगमधली दहा अक्षरं ओळीने घ्या: बी १, यू २, सी ३, के ४, आय ५, एन ६, जी ७, एच ८, ए ९, आणि शेवटचं एम शून्य. म्हणजे 'बीके' दिसलं तर चौदावा साचा. ईएमआय या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीने हेच 'ग्रामोफ' आणि 'एलटीडी' जोडून केलं: जी १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९, डी शून्य. त्यांच्या रेकॉर्डवर मॅट्रिक्स क्रमांक (त्या बाजूच्या खाचेचा ओळखक्रमांक) घड्याळातल्या सहाच्या जागी धरला, तर साच्याची अक्षरं तीनच्या जागी आणि आईचा क्रमांक नऊच्या जागी सापडतो. 'आई' हा कारखान्यातलाच शब्द आहे: जिच्यावरून साचे काढतात ती धातूची प्रत. मला हे सगळं वाचताना दर वेळी कारखान्यातला कुणीतरी माणूस समोर उभा राहतो.

हे नुसतं कोडं सोडवणं नाही, याचा व्यवहारात उपयोग आहे. अमेरिकेत डेक्का हे नाव दुसऱ्या कंपनीकडे होतं, म्हणून ब्रिटिश डेक्का तिथे आपल्या रेकॉर्ड 'लंडन' नावाने विकत असे. १९५८ नंतरच्या सीएस मालिकेतल्या सुरुवातीच्या, मागचं कव्हर निळं असलेल्या लंडन रेकॉर्ड इंग्लंडमध्येच दाबलेल्या आहेत. डेड वॅक्स वाचलंत तर तेच झेडएएल, तेच कापणारे हात. एसएक्सएलच्या तुलनेत त्यांना मागणी फार कमी. कव्हर बघणारा पुढे जातो, तबकडी वाचणाऱ्याला तेच मुद्रण सहज मिळतं.

जॅझमध्ये सगळ्यात जास्त प्रश्न ब्लू नोटबद्दल येतात. लेबलवरचा पत्ता बघा. सर्वांत जुना '७६७ लेक्सिंग्टन', मग '४७ वेस्ट ६३' एनवायसी, मग 'न्यूयॉर्क २३', पुढे नुसतं 'न्यूयॉर्क यूएसए', आणि १९६० च्या दशकाच्या मध्यात लिबर्टी या कंपनीने ब्लू नोट विकत घेतल्यानंतर लेबलवर लिबर्टीचं नाव. पण नुसत्या पत्त्यावर निकाल देऊ नका. छापून ठेवलेली लेबलं संपेपर्यंत वापरायचे. हँक मोब्लीच्या १५६८ क्रमांकाच्या रेकॉर्डवर एका बाजूला एक पत्ता आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, हे प्रसिद्धच आहे. म्हणून डेड वॅक्समध्ये कानाच्या पाळीसारखी दिसणारी छोटी खूण शोधा. ते प्लॅस्टिलाइट या कारखान्याचं वळणदार 'पी' आहे. लिबर्टीच्या काळात काम दुसरीकडे गेलं आणि ती खूण संपली. जुनं न्यूयॉर्क यूएसए लेबल आहे पण कान नाही, तर ती उरलेल्या लेबलांवर नंतर दाबलेली प्रत समजा. शिवाय मुद्रणतज्ज्ञ रूडी व्हॅन गेल्डरची सही: आधी हाताने कोरलेलं आरव्हीजी, पुढे ठशाने उमटवलेलं व्हॅन गेल्डर. खाच त्याने स्वतः कापल्याची ती खूण आहे आणि आवाजाच्या दृष्टीने पत्त्यापेक्षा मी तिला जास्त मान देतो. लेबलवरची खोलगट गोल खाच, जिला सगळे डीप ग्रूव्ह म्हणतात, ती जुन्या दाबयंत्राच्या साच्यामुळे पडते. कधी एकाच बाजूला असते. नोंद करा, पण तिच्या प्रेमात पडू नका.

बाकीच्या लेबलांचं पटकन सांगतो. डॉइचे ग्रामोफोन या जर्मन कंपनीच्या जुन्या लेबलला कडेने ट्युलिपच्या फुलांची माळ असते, साधारण १९७० पासून ती जाते. डेक्काच्या लेबलवरचा रुंद पट्टा त्याच सुमारास अरुंद होतो. अमेरिकन कोलंबियाच्या जुन्या लेबलवर सहा डोळ्यांसारख्या खुणा, १९६० च्या दशकात त्या दोनवर आल्या. वर्तुळातला पी आणि त्यापुढचं वर्ष हे त्या मुद्रणाच्या पहिल्या प्रकाशनाचं असतं, तुमच्या प्रतीचं नव्हे. अमेरिकन रेकॉर्डवर ती खूण दिसली तर प्रत १९७२ किंवा त्यानंतरची समजायला हरकत नाही, कारण मुद्रणांना तिथे केंद्रीय संरक्षण त्या वर्षी मिळालं. कव्हरवर बारकोड असेल तर पहिल्या प्रेसिंगचा विचारच सोडा.

मोनो की स्टिरिओ हे क्रमांकाच्या आधीच्या अक्षरांवरून कळतं: डेक्का एलएक्सटी मोनो, एसएक्सएल स्टिरिओ. एचएमव्ही एएलपी आणि एएसडी. ब्रिटिश कोलंबिया ३३सीएक्स आणि एसएएक्स. आरसीए एलएम आणि एलएससी. अमेरिकन कोलंबियाच्या जॅझला सीएल आणि सीएस. 'काइंड ऑफ ब्लू' १९५९ मध्ये निघाली तेव्हा सीएल १३५५ मोनो आणि सीएस ८१६३ स्टिरिओ. या रेकॉर्डच्या सुरुवातीच्या प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावं उलटसुलट छापली गेली आहेत, आणि पहिली बाजू खऱ्या सुरापेक्षा किंचित चढी वाजते, कारण २ मार्चच्या बैठकीत मूळ टेपयंत्र जरा हळू चाललं होतं. ही चूक १९९२ च्या पुनर्प्रकाशनात दुरुस्त झाली. म्हणजे पहिलं प्रेसिंग हवं की बरोबर सूर हवा, हे इथे तुम्हालाच ठरवावं लागतं. लेबलवर 'इलेक्ट्रॉनिक स्टिरिओ' किंवा तत्सम शब्द असेल तर ते मोनो मुद्रण मागाहून दोन भागांत फोडलेलं आहे. नोंदीत स्पष्ट लिहा, आणि शक्य असेल तेव्हा मूळ मोनोच शोधा. मोनो रेकॉर्ड वाजवताना ॲम्प्लिफायरवर मोनो बटण असेल तर दाबा, अर्धी खरखर जागीच थांबते.

१९५४ च्या आधीच्या एलपींबद्दल एक सूचना. त्या वर्षी आरआयएए हा सूरसंतुलनाचा (खाच कापताना खर्ज किती दाबायचा आणि तार सूर किती चढवायचे याचा) एकच वक्र ठरला. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या वक्राने कापत असे. अशी रेकॉर्ड आज फार किणकिणीत किंवा फार घुमी लागली तर तिला लगेच खराब ठरवू नका.

अवस्थेबद्दल मात्र कडक राहा. दोन वेगळे शेरे द्या, एक डोळ्यांचा आणि एक कानांचा. दिव्याखाली चकचकीत दिसणारी रेकॉर्ड जड, बोथट सुईने आतून खरवडलेली असू शकते आणि बारीक ओरखड्यांनी भरलेली रेकॉर्ड शांत वाजू शकते. नखाला न लागणारा ओरखडा बहुधा ऐकू येत नाही, नखाला लागणारा बहुधा येतो. ऐकून तपासताना सुरुवात ऐकू नका, शेवट ऐका. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे एकसारखेच घेते, पण बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर खाच जाते आणि आतल्या टोकाला फक्त २१. तितकंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. त्यातून सिंफनीचा सगळ्यात गडगडाटी भाग नेमका शेवटी येतो. झिजलेली रेकॉर्ड तिथेच उघडी पडते: तुताऱ्या फाटतात, गाणारीचा वरचा सूर चरचरतो. शेवटची तीन मिनिटं स्वच्छ असतील तर बाकी बाजू ऐकायची फारशी गरज नाही. पियानो आणि गायन झीज लगेच दाखवतात. जॅझच्या ड्रममध्ये ती काही काळ लपते, म्हणून तिथे ट्रंपेटच्या चढ्या सुरावर कान ठेवा.

विकणाऱ्यांच्या शेऱ्यांमधलं 'व्हीजी' म्हणजे शब्दशः 'फार चांगली', पण रूढ अर्थाने ती ऐकू येण्याइतकी खरखर असलेली रेकॉर्ड असते. शास्त्रीय संगीतात मंद जागा पुष्कळ असल्यामुळे मी 'व्हीजी प्लस'च्या खालची सहसा घेत नाही. जॅझमध्ये थोडं सैल धोरण चालतं. आणि प्रत्येक वेळी तबकडी कव्हरबाहेर काढून डेड वॅक्स कव्हरशी ताडा. एकदा दुरून मागवलेल्या एका पार्सलमध्ये कव्हर १९५९ चं, कडक आणि सुंदर, आणि आत तीच रेकॉर्ड पंधरा वर्षांनंतरच्या लेबलची निघाली. विकणाऱ्याने फक्त कव्हरचे फोटो पाठवले होते आणि मी तेवढ्यावर विश्वास ठेवला होता. तेव्हापासून दोन्ही लेबलांचे आणि डेड वॅक्सचे फोटो आल्याशिवाय मी होकार देत नाही. तुमच्या यादीतही 'कव्हर' आणि 'तबकडी' यांची ओळख वेगवेगळी नोंदवा, काकांनीही कधी अशी जोडी घेतली असेल.

स्वच्छतेचं थोडक्यात. ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य, वास-रंग नसलेल्या साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेने गोल, मग साध्या ऊर्ध्वपातित पाण्याने धुवून पूर्ण वाळवा. लेबल ओलं होऊ देऊ नका. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकड्या मध्येच निघाल्या तर त्यांना अल्कोहोल अजिबात लावू नका, लाख विरघळते. आतल्या पिशव्या पॉलिथिनच्या घ्या. मऊ पीव्हीसीच्या पिशवीत वर्षानुवर्षं राहिलेल्या रेकॉर्डवर दुधट डाग येतो, तो पुसून जात नाही आणि ऐकू येतो. कंपनीची मूळ आतली पिशवी टाकू नका, कव्हरमध्ये मागे सरकवून ठेवा. रेकॉर्ड उभ्याच ठेवायच्या, ना तिरक्या ना आडव्या, आणि फूटभराच्या अंतराने कप्प्यात पार्टिशन हवं. एक मीटर लांबीच्या फळीवर पन्नास किलोंहून जास्त वजन येतं, ते आधी कपाटाच्या स्क्रूंना विचारा.

पुढे काय जमवायचं? आधी यादी पूर्ण करा. साडेसहाशे रेकॉर्डांच्या ओळी भरल्या की काकांच्या आवडीचा नकाशा दिसेल आणि त्यातली भोकंही. नुसतं 'दुर्मीळ' म्हणून मागे लागू नका. भाव दुर्मीळपणामुळे चढतो. योहाना मार्त्सीचे एकट्या व्हायोलिनवरचे बाख, लिओनिड कोगानचा बीथोव्हन कन्चेर्टो एसएएक्स २३८६, या रेकॉर्ड त्या वेळी थोड्या खपल्या म्हणून आज सोन्यासारख्या. उलट संचालक कारायानने १९६१-६२ मध्ये मुद्रित केलेला बीथोव्हनच्या नऊ सिंफनींचा संच घराघरात गेला, म्हणून आजही सहज मिळतो, आणि वादन म्हणून तो कुठेही कमी नाही. माझा सल्ला असा, की एखादा धागा पकडा: एक सभागृह, एक मुद्रणतज्ज्ञ, एक बेसवादक. मी कित्येक वर्षं फक्त व्हिएन्नाच्या सोफियनझालमध्ये डेक्काने केलेली मुद्रणं ऐकत गेलो. संचालक सोल्टीचं 'राइनगोल्ड' (वाग्नरचा ऑपेरा) तिथलंच, १९५८ चं, मूळ क्रमांक एसएक्सएल २१०१ ते २१०३. एकाच खोलीची आस, म्हणजे सूर मिटल्यावर रेंगाळणारा घुमार, वेगवेगळ्या रेकॉर्डांतून ओळखू यायला लागली की पहिलं प्रेसिंग आणि दुसरं प्रेसिंग यांतला फरकही कान आपोआप सांगतो. कधी दुसरंच सरस निघतं, कारण ते अधिक शांत प्लॅस्टिकवर दाबलेलं असतं.

राहिल्या काकांच्या चिठ्ठ्या. त्या जिथे सापडल्या त्याच कव्हरमध्ये राहू द्या, फक्त तबकडीला लागणार नाहीत अशा, आणि कागद आम्लयुक्त पिवळा पडला असेल तर वेगळ्या पॉलिथिनच्या पिशवीत घालून. प्रत्येक चिठ्ठीचा मजकूर यादीत 'मालकाच्या खुणा' या रकान्यात उतरवा, तारखांसकट. त्या पिढीचे काही ऐकणारे रेकॉर्ड वाजवली की तारीख टाकत, आणि हिऱ्याची सुई साधारण पाचशे ते हजार तास चालते म्हणून ती कधी बदलली याचाही हिशेब ठेवत. चिठ्ठ्यांमध्ये तसा उल्लेख आहे का बघा. सापडला तर त्या तारखेच्या आधीच्या वर्षभरात, म्हणजे झिजत आलेल्या सुईने, वाजलेल्या रेकॉर्ड बाजूला काढा आणि त्यांची शेवटची तीन मिनिटं सगळ्यात आधी ऐका.